घरच्या पाणबुडीला पेरिस्कोप: आरसा, कॅमेरा आणि हलमधलं भोक

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवणकडच्या काही डिप्लोमा झालेल्या मुलांनी मिळून एकच माणूस मावेल अशी पोलादी पाणबुडी बांधायला घेतली आहे. आठ मीटरच्या खाली जायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलंय. पाण्याच्या जरासं खाली राहून वरचं दिसावं म्हणून त्यांना दीड मीटरचा पेरिस्कोप हवा आहे. बेत असा, की ६० मिलिमीटरचा स्टेनलेस पाइप हलमधून, म्हणजे पाणबुडीच्या कवचातून, आरपार काढायचा, आतून हाताने वर-खाली करायचा, फिरवायचा आणि सीलसाठी ट्रॉलरच्या शाफ्टला असतो तसा ग्लँड, म्हणजे दोरी दाबून पाणी अडवणारा सांधा, बसवायचा. आरसे लावू की कॅमेरा, पाइप कोणता घेऊ आणि हा ग्लँड चालेल का, एवढं त्यांनी विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. ग्लँड चालणार नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मास्ट, म्हणजे पेरिस्कोपचा हा उभा पाइप, हलमधून आत आणूच नका. मास्ट पूर्णपणे बाहेर राहू दे, आत फक्त एक केबल येऊ दे.

मी ट्रॉलरच्या शाफ्टची कामं करतो आणि जेटीचे खांब तपासायला लागणाऱ्या कॅमेऱ्यांची वॉटरप्रूफ हाउसिंग बनवतो, त्यामुळे या दोन्ही गोष्टी रोज हाताखालून जातात. ट्रॉलरचा ग्लँड गळण्यासाठीच बनवलेला असतो. शाफ्ट फिरत असताना ग्लँडदोरीतून थेंब थेंब पाणी आलं पाहिजे, नाहीतर दोरी तापते आणि शाफ्टला चर पडतो. गळणारं पाणी बोटीच्या तळाशी बिल्जमध्ये जातं, पंप ते बाहेर टाकतो, कुणाला काळजी नसते. शिवाय तिथे डोक्यावर पाणी असतं जेमतेम एक मीटर. तुमच्याकडे आठ मीटर असेल, म्हणजे साधारण आठपट दाब. आणि तुमचा पाइप फिरण्याबरोबर सरकणारही आहे. सरकणाऱ्या पाइपवर चार दिवसांत शेवाळ धरतं, मीठ सुकून बसतं, पुढे बार्नॅकल, म्हणजे कठीण कवचाचे समुद्री जीव, चिकटतात, आणि पाइप आत ओढताना हे सगळं दोरीवरून खरवडत जातं.

आता एक गोष्ट अशी, जी पृष्ठभागाजवळ कळतच नाही. मास्टचं टोक हवेत असतं तेव्हा त्याला आत ढकलणारा दाब नसतो, पाइप हाताने लोण्यासारखा सरकतो आणि सगळे खूश होतात. तेच टोक आठ मीटर खाली गेलं की ६० मिलिमीटरच्या गोलावर साधारण २३ किलोचा रेटा बसतो आणि तो पाइपला सरळ तुमच्या अंगावर, बोटीच्या आत ढकलतो. पाइपला अडवून धरणारी कॉलर घसरली किंवा पिन तुटली, तर पाइप आत येतो आणि मागे राहतं ते उघडं भोक.

त्या भोकाचा हिशेब कागदावर मांडून वर्कशॉपच्या भिंतीला लावा. आठ मीटरवर पाणी भोकातून सेकंदाला साधारण साडेबारा मीटर वेगाने आत घुसतं. ६० मिलिमीटरच्या भोकातून, प्रवाहाचं आकुंचन धरूनही, सेकंदाला २० ते २२ लिटर पाणी येईल. तुम्ही आणीबाणीसाठी ५० किलोचं ड्रॉप वेट, म्हणजे सोडून देता येणारं वजन, ठेवलंय असं लिहिलंय. म्हणजे ते सोडून मिळालेली उचल पाणी तीन सेकंदांच्या आत खाऊन टाकणार. माणसाला हात पुढे करायलाही तेवढा वेळ लागतो. आता त्याऐवजी केबलसाठी ८ मिलिमीटरचं भोक असतं आणि केबल मुळासकट निघून आली असती, तर मिनिटाला २२-२३ लिटर पाणी आलं असतं. ते ५० किलो संपायला दोन मिनिटांहून जास्त वेळ. दोन मिनिटांत वजन सोडता येतं, टाकीत हवा भरता येते, भोकावर लाकडी खुंटी ठोकता येते. तशी निमुळती खुंटी दोरीने बांधून प्रत्येक भोकाशेजारी ठेवाच.

मोठी नौदलंसुद्धा याच दिशेला गेली आहेत. विशाखापट्टणमला रामकृष्ण बीचवर आयएनएस कुरसुरा ही निवृत्त पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. जमलं तर जाऊन बघा. पेरिस्कोपची ती जाड नळी आत येते तेव्हा कंट्रोल रूमची केवढी जागा खाते आणि सगळी रचना तिच्याभोवती कशी करावी लागते, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. अमेरिकेची व्हर्जिनिया वर्गातली पहिली पाणबुडी २००४ साली सेवेत आली. तिला आरपार पेरिस्कोप नाहीच. कॅमेरे मास्टच्या डोक्यावर, आत फक्त तारा. तुम्हाला तर हे त्यांच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात जमतं.

त्यामुळे आरसा की कॅमेरा हा प्रश्न जवळपास सुटलाच. तरी आरशांबद्दल सांगतो, कारण ४५ अंशांतले दोन आरसे लावले की झालं, असं पुष्कळांना वाटतं. लेन्स नसलेल्या नळीतून दिसणारं क्षेत्र नळीच्या रुंदीला लांबीने भागून येतं. आतून ५० मिलिमीटर मोकळी आणि दीड मीटर लांब नळी म्हणजे दोन अंशांच्या आतबाहेर. पाचशे मीटरवर तुम्हाला सोळा-सतरा मीटर रुंदीचा तुकडा दिसेल, एखादी मच्छीमार बोट कशीबशी मावेल एवढा. त्या बोटीच्या शेजारून दुसरी येत असेल तर ती दिसणार नाही. खऱ्या पेरिस्कोपमध्ये म्हणूनच लेन्सची साखळी असते आणि ती नीट जुळवणं घरच्या लेथचं काम नाही. भरीला, खालचा आरसा स्थिर ठेवून नुसता वरचा फिरवला तर चित्रही सोबत गिरकी घेतं. मागे बघताना सगळं उलटं दिसतं.

कॅमेरा बंद पडल्यावरचा पर्याय म्हणून आरसे हवेच असतील, तर बंद नळी हलच्या बाहेर, तुमच्या पुढच्या काचेसमोर उभी करा. नळीची खालची खिडकी आणि बोटीची काच समोरासमोर, मध्ये थोडं पाणी असलं तरी चालतं. त्यासाठी हलला भोक पाडावं लागत नाही. मात्र आरसे पुढच्या बाजूने मुलामा दिलेले घ्या, घरातल्या आरशात दुहेरी प्रतिमा येते. आणि बंद नळीची उचल हिशेबात धरा.

आता मास्टचं डोकं. यात फिरणारा एकही भाग ठेवू नका. कॅमेरा फिरवायचा म्हणजे मोटर आली, आणि आज ना उद्या खाऱ्या पाण्यात फिरणारं सील आलं. त्यापेक्षा साधारण ९० ते १०० अंश बघणारे चार छोटे बोर्ड कॅमेरे चार दिशांना स्थिर बसवा. साधारण १०० मिलिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिक नळी, वर-खाली डेलरिन या टणक प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची झाकणं, मधून एक ताणरॉड. आठ मीटरला हे भरपूर होतं. प्रत्येक झाकणाला दोन नायट्राइल रबराच्या ओ-रिंग, सिलिकॉन ग्रीस बोटाने पातळ लावून. खोबणीत वाळूचा एक कण किंवा डोक्याचा एक केस राहिला तरी पाणी वाट काढतं, म्हणून झाकण बंद करताना पंखा बंद आणि खाली पांढरा कपडा. अ‍ॅक्रिलिक थिनरने, पेट्रोलने किंवा स्पिरिटने कधीच पुसू नका, त्यात बारीक तडे जातात. दोन कॅमेऱ्यांच्या मध्ये काळा फोम भरा, नाहीतर पश्चिमेचा उजेड नळीत फिरून पूर्वेच्या चित्रात पांढरा डाग उमटवतो.

कॅमेऱ्याच्या खोक्यावर आयपी ६७ लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नका. तो आकडा एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापुरता असतो. हाउसिंग आपलं आपणच करायचं.

वायफाय कॅमेरा घेऊ का, असंही विचारलंय. घेऊ नका. समुद्राच्या पाण्यातून ती लहर काही सेंटिमीटरसुद्धा धड जात नाही आणि पोलादी हलच्या आत तर मुळीच येणार नाही. नेटवर्कवर चालणाऱ्या आयपी कॅमेऱ्याचं चित्र बऱ्याचदा थोडं उशिरा येतं, आणि सुकाणू धरलेल्या माणसाला ते चालत नाही. साधे अ‍ॅनालॉग कॅमेरे आणि गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्यासोबत मिळणारा १२ व्होल्टचा, चार भाग दाखवणारा सात इंची स्क्रीन पुरेसा आहे. गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. फक्त रिव्हर्सचेच कॅमेरे वापरणार असाल तर एक तपासाच: ते चित्र आरशासारखं डावं-उजवं उलटून दाखवतात. अनेकांत एक छोटी वायर कापली की ते सरळ होतं. मास्टवर चढवण्याआधी कॅमेऱ्यासमोर वर्तमानपत्र धरा आणि अक्षरं सरळ वाचता येतात का बघा. उलट्या चित्रावर सुकाणू फिरवणारा माणूस ज्या बोटीला टाळायला जाईल, तिच्याच अंगावर जाईल.

कॅमेऱ्याकडून किती अपेक्षा करायची तेही सांगतो. ९० अंश आणि आडवे १९२० पिक्सेल असं धरलं, तर पाचशे मीटरवर एक पिक्सेल साधारण ४० सेंटिमीटरचा. बारा मीटरची बोट तिथे तीस पिक्सेलची दिसेल, म्हणजे ओळखू येईल. पण गिलनेटचा, म्हणजे पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्याचा, बोया शंभर-दीडशे मीटरवरही दोन-तीन पिक्सेलचा ठिपका असतो, लाटेच्या चमकीत हरवून जाणारा. जाळ्यासाठी कॅमेऱ्यावर विसंबू नका, त्याबद्दल पुढे बोलतो. कॅमेरे किंचित खाली झुकवा, क्षितिज चित्राच्या वरच्या तिसऱ्या भागात आलं पाहिजे. नाहीतर कॅमेरा आभाळाच्या उजेडाला जुळवून घेतो आणि समुद्र काळाठिक्कर दिसतो. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर बाहेरच्या दिशेने बघणाऱ्या कॅमेऱ्यावर छोटी छपरी लागतेच.

केबलवर मात्र जास्त वेळ द्या, कारण बहुतेक हाउसिंग तिथेच दगा देतात. लोक ग्लँड घट्ट आवळतात, बाहेरून सिलिकॉन फासतात आणि समाधानी होतात. पण वर कुठेतरी केबलचं आवरण खरचटलं की पाणी आवरणाच्या आत शिरतं आणि तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून पुढे सरकत राहतं. दुरुस्तीला आलेली अशी एक केबल मी सोलली होती. जखम एका टोकाला आणि आतलं तांबं दुसऱ्या टोकापर्यंत काळं-हिरवं. मधली सगळी केबल बाहेरून नवी दिसत होती. तुमच्याकडे त्या दुसऱ्या टोकाला हलचं आतलं अंग असणार. यावर उपाय एकच: हलमधून जाणाऱ्या तुकड्यात केबल तोडायची, प्रत्येक तार सोलून सोल्डरने भरून घट्ट करायची, तारा एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या आणि तो सगळा भाग धातूच्या बॉडीत इपॉक्सीने ओतून बंद करायचा. इपॉक्सी ओतण्याआधी बॉडी आतून खरवडून अ‍ॅसिटोनने पुसा. बॉडीला बाहेरच्या बाजूने रुंद फ्लँज (कडा) आणि ओ-रिंग, आतून नट. म्हणजे खोल जाल तसा दाबच तिला जागेवर घट्ट धरेल. बाहेर मास्ट केबलसकट उपटून गेला तरी ही बॉडी आपल्या जागी राहते आणि पाणी आत येत नाही. हे जमलं नसेल तर बाकीचं कितीही सुबक असलं तरी पाण्यात उतरू नका.

मास्टचा पाइप ३१६ ग्रेडचाच घ्या. ३०४ ला आपल्या पाण्यात लवकर खड्डे पडतात. ४८ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि पावणेतीन मिलिमीटर जाडी पुरे. पाइप बंद ठेवू नका. खाली-वर भोकं पाडा, पाणी आतबाहेर खेळू द्या. मग पाइपवर दाबाचा प्रश्नच उरत नाही, पाणी अडवायचं ते फक्त डोक्यात. पोलादी हल आणि स्टेनलेस जिथे भेटतात तिथे नायलॉनचे वॉशर घाला आणि ट्रॉलरला लावतात तशी झिंक प्लेट हलला लावा.

स्वस्त म्हणून पीव्हीसी पाइप वापरू का, असं तुमच्यातल्या एकाने लिहिलंय. तो ताकदीला कदाचित टिकेल, पण चित्र टिकणार नाही. पाण्यातून गोल काठी ओढली की तिच्या मागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे भोवरे सुटतात आणि काठीला हलवतात. एक नॉट वेगाला ४८ मिलिमीटरच्या पाइपमागे सेकंदाला साधारण दोन भोवरे सुटतील, तीन नॉटला सहा-साडेसहा. दीड मीटरची पीव्हीसीची काठी, डोक्यावर दोन-अडीच किलो घेऊन, स्वतःच सेकंदाला जवळपास दोन वेळा डोलते. म्हणजे अगदी सावकाश चालतानाच ती थरथरायला लागणार. स्टीलची हीच काठी नऊ-दहा वेळा डोलते, त्यामुळे तीन नॉटपर्यंत सुटका आहे. खालचा सांधा ढिला असेल तर हा आकडा झपकन खाली येतो. तपासणी सोपी आहे: मास्ट बसवून त्याला एक टपली मारा आणि फोनवर स्लो-मोशन व्हिडिओ घेऊन हेलकावे मोजा. सातच्या खाली आले तर मागे दोन बाजूंना वायरचे ताण द्या.

उंची किती? मोठ्या लाटांना घाबरून मुलं मास्ट लांब करत जातात. पण सहा सेकंदांची लांब लाट जवळजवळ ५५ मीटर लांबीची असते. हल दीड मीटर खाली असेल तर तिथलं पाणीसुद्धा वरच्या पाण्याच्या ८५ टक्के वर-खाली होतं आणि तुमची छोटी बोट त्याच्यासोबतच जाते. डोकं पाण्यात जातं ते या लाटेने नाही, तर दुपारी वारा उठल्यावर येणाऱ्या दोन-दोन सेकंदांच्या आखूड लाटांनी. त्यांची हालचाल दीड मीटरवर एक पंचमांशच उरते, बोट जागेवर राहते आणि लाट कॅमेऱ्यावर आपटते. म्हणून ६० सेंटिमीटर डोकं वर ठेवा आणि सकाळच्या वेळी, मतलई वारा असताना काम करा. एवढ्या उंचीवरून क्षितिज पावणेतीन किलोमीटरवर असतं, तुमच्या वेगाला ते खूप झालं. लांब मास्टची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. बिजागरीसकट आठ किलोचा मास्ट गुरुत्वमध्याच्या सरासरी १.४ मीटर वर असेल, तर त्याची भरपाई करायला अर्धा मीटर खाली २२ किलो शिसं लागतं. आणि ६० सेंटिमीटर वर ठेवणं आणि डोकं पाण्याखाली जाणं, यात जेमतेम सव्वा किलोच्या उचलीचा फरक आहे. बोट किंचित जड-हलकी करणाऱ्या ट्रिम टाकीचा झडप-पंप तेवढ्या बारकाईने चालतो का, ते आधी बघा.

आतल्या धुक्याबद्दल. जुलैत आपल्या वर्कशॉपच्या हवेत हाउसिंग बंद केलं, तर तिशीच्या तापमानाला आणि ८५ टक्के दमटपणाला ती हवा २७ अंशांवरच पाणी सोडते. समुद्रात उतरताच काच आतून धुरकट. डोक्याला दोन छोटे स्क्रू-प्लग ठेवा, टायरच्या दुकानात नेऊन अगदी कमी दाबाने नायट्रोजन एका प्लगमधून आत आणि दुसऱ्यातून बाहेर असा काही मिनिटं खेळवा, आणि आत तव्यावर वाळवलेली सिलिका जेलची पुडी ठेवून बंद करा.

चाचणी हवेच्या दाबाने करू नका. काही फुटलं तर तुकडे उडतात. पाइपलाइन तपासायचा प्लंबरचा हातपंप आणि जाड पाइपचं बंद भांडं घ्या, पूर्ण पाण्याने भरा आणि कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे सव्वा बारपर्यंत नेऊन रात्रभर ठेवा. कॅमेरे बसवण्याआधी आत टिश्यू पेपर ठेवायचा, म्हणजे एक थेंबही लपत नाही. त्यानंतर विहीर. पावसाळ्यानंतर भरलेली, आठ-दहा मीटर पाण्याची विहीर कोकणात शोधावी लागत नाही. डोकं आणि हलमधली ती इपॉक्सीची बॉडी वजन बांधून दोरीने तळाला सोडा आणि दुसऱ्या दिवशी काढा.

आता जाळं. मास्ट म्हणजे गिलनेटला अडकायला मिळालेला आकडा. पुढच्या टोकापासून मास्टच्या डोक्यापर्यंत तिरकी स्टीलची वायर ताणा, म्हणजे जाळं तिच्यावरून घसरून वर जाईल. महायुद्धांतल्या पाणबुड्यांवरही अशा वायर असत. मास्टच्या बुडाशी मागे झुकणारी बिजागरी द्या आणि तो उभा धरायला एकच नायलॉनचा बोल्ट, जो ठरलेल्या ओढीला तुटेल आणि मास्ट आडवा पडेल. ती वायरही त्याच वेळी ढिली पडली पाहिजे. बिजागरीपाशी केबलला मोकळा वळसा ठेवा. या बोल्टच्या जागी कुणालाही स्टीलचा बोल्ट बसवू देऊ नका, तो तकलादू वाटला तरी. तो तुटायलाच तिथे आहे.

रंगाचं विचारलंत. करडा नको, नारिंगी फ्लोरोसंट आणि वर परावर्तक पट्टी. मच्छीमार बोटीच्या तांडेलाला तुम्ही दिसला पाहिजेत. सोबत वर एक होडी कायम हवी, तिच्यावर झेंडा आणि तुमच्याशी ठरलेली दोरीची खूण. समुद्रातल्या चाचण्या जून-जुलैत काढू नका. मासेमारी बंद म्हणून समुद्र मोकळा वाटतो, पण पाणी खवळलेलं असतं आणि मदतीला बोटही नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी निवळ असतं.

आणि लेखी परवानग्या: महाराष्ट्र सागरी मंडळाचं बंदर कार्यालय, सागरी पोलीस ठाणं आणि तटरक्षक दल, तिघांनाही जागा, तारीख, वेळ आणि मास्टच्या फोटोसकट आधी कळवा. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर आपल्या किनाऱ्यावर अनोळखी काठी पाण्यातून वर आली तर कुणीही फोन उचलणार, आणि उचलावाच. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे वन विभागाचीही परवानगी लागेल. पहिल्या चाचण्यांसाठी दुसरी जागा निवडलेली बरी. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक वरच्या होडीतल्या माणसाच्या फोनमध्ये असू द्या. हलमधल्या केबल-बॉडीचं ड्रॉइंग झालं की मापांसकट पाठवा, लेथवर चढवण्याआधी मी बघून देतो.